उजव्या बाजूचा माणूस

जीपमधून तेल नेमकं कुठून गळतं ते पाहावं म्हणून मी वाकले... आणि खालून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते.

मी दचकले. डोळे मात्र हसले.

"बाई, आल्याच हा तर तेवढा पाना द्या ना. तो, मोठा."

तलावाच्या काठावर, चाकाजवळ गोणपाटावर हत्यारं पसरली होती. त्यांतलं सगळ्यांत मोठं उचलून मी खाली सरकवलं.

"हा पाना नोहे. हा जॅकचा दांडा हाये."

"तुम्ही मोठा म्हणालात. यात हाच मोठा आहे."

जीपखालून एक भलं मोठं हसू आलं, आणि हसण्यापाठोपाठ एक तरुण सरपटत बाहेर निघाला. कपाळावर तेलाचा ओघळ, केसांत लाल माती. बंपरखाली तसाच बसून तो फडक्याला हात पुसू लागला.

"तुमी खाली काय पाहून राहिल्या होत्या?"

"तेल कुठून गळतं ते."

"कावून?"

"चंद्राच्या गाडीचं तेल गळतंय, भर रस्त्यात. तिनं वाकून पाहिलं तर तिला काय दिसेल, ते मला माहीत हवं."

"मंग गाडीच घेऊन या ना. आपण पाहून देऊ. कोन हायेत ह्या चंद्राबाई? कोन्त्या सेक्टरात रायतात?"

मी हसू दाबलं. "सेक्टरात नाही राहत. गोष्टीत राहते."

त्याचा हात पुसता पुसता थांबला. "'चंद्राची मोटार'? 'तरुणांगण' मासिकातली? तुमीबी वाचता? अवो, आमच्या गॅरेजात जेवनाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचून दाखवतो साऱ्यायले. तो ओमप्रकाश हाये ना, त्याले मराठी समजत नाही, तरी बसते आयकत! हे र. दे. रामटेके म्हणजे मिलिटरीतले रिटायर ड्रायव्हर असतीन, पाहा तुमी. ह्या एवढ्या मिशा!"

"मिशा नाहीत," मी हळूच म्हणाले. "र म्हणजे रत्नमाला. दे म्हणजे देवाजी, माझे बाबा. रामटेके... मीच."

तो ताडकन उठायला गेला. वर बंपर होता.

डोकं चोळत चोळतच त्यानं आपलं नाव सांगितलं. चंपत गजभिये. पोलादाच्या प्लँटच्या गॅरेजात ड्रायव्हर. एका रशियन साहेबाची पोबेदा मोटार चालवायचा. "हिंदीवाले नाव आयकून हसतात," तो म्हणाला. "म्हणतात, चंपत म्हणजे पळून जाणारा. तुमी नोका हसू. मी पळणारा नोहे."

मी हसले नव्हते. पण तो तसं म्हणाला, आणि मग मात्र हसू आवरेना.

भिलाईत तेव्हा सगळंच नवं होतं. भट्ट्या नव्या, रस्ते नवे, सेक्टर दहामधली निम्मी घरं तर अजून विटांच्या ढिगांतच होती. आणि गाड्या! आमच्या भंडाऱ्याकडच्या खेड्यात मोटार यायची ती निवडणुकीची. इथं मात्र रशियनांच्या पोबेदा, ऑफिसच्या जीपा, घराएवढे डंपर दिवसभर धावायचे. मी शिकवायचे त्या शाळेतली पोरं पाढ्यांच्या आधी हॉर्न शिकली होती. खिडकीबाहेर भोंगा वाजला की अख्खा वर्ग ओरडायचा, "बाई, पोबेदा!" आधी मी त्यांना गप्प करायचे. मग एक दिवस मीही डोळे मिटून ऐकायला लागले...

आणि रविवारी तलावाच्या पाळीवर तर जत्रा भरायची. ड्रायव्हर लोक गाड्या धुवायला आणायचे. कोणाचं बोनेट जास्त चमकतं यावरून भांडणं, हेडलाइटला झेंडूच्या माळा, कोणी नुसताच हॉर्न वाजवून गाण्याची चाल धरतोय. तिथं उभं राहूनच मला चंद्रा सुचली. सोळा वर्षांची, वडिलांची जुनी मोटार घेऊन एकटी निघालेली, सगळी हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगणारी. पुढं मी जी जी पुस्तकं लिहिली, त्या प्रत्येकात एक मुलगी आहे आणि एक गाडी आहे. लोक विचारतात, दुसरा विषय सुचत नाही का? सुचतो. पण गाडीत बसवलं की माझी माणसं खरं बोलायला लागतात.

खरं बोलणं ही आमच्या घरात लहानसहान गोष्ट नव्हती. छप्पन साली नागपूरला आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की मी त्रिसरण-पंचशील म्हणते. नुसतं म्हणत नाही. त्यातलं एकेक शील दिवसभर पदराच्या गाठीसारखं जपते. खोटं बोलायचं नाही. न दिलेलं घ्यायचं नाही. गोष्ट लिहिणं हे काही खोटं नव्हे. ती गोष्ट आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. पण रोजच्या जगण्यात अडचणीचे प्रश्न येतात. त्यांच्यासाठी मी एक सोपी वाट शोधली होती. होय म्हणवत नाही, नाही म्हणायचं धैर्य नाही, तर मान खाली घालायची आणि गप्प राहायचं. गप्प राहणं म्हणजे खोटं थोडंच?

माघात 'तरुणांगण'चे संपादक नरहरीबाबू दुर्गला आले होते, ते वाट वाकडी करून आमच्या क्वार्टरवर आले. चंद्राचं पुस्तक काढायचं म्हणाले, बुद्धपौर्णिमेला, नागपुरात. माझं पहिलं पुस्तक!

"किती बारकाईनं लिहिता हो!" ते म्हणाले. "गिअर बदलताना हाताला काय वाटतं, तेसुद्धा! तुम्ही स्वतः मोटार चालवता ना?"

नाही म्हणावं तर पुस्तक जाईल, अशी धास्ती. होय तर म्हणवेना. मी मान खाली घातली.

"समजलो!" नरहरीबाबू खूश होऊन उठले. "काय हा विनय!" आणि गाडी चुकेल म्हणून निघूनही गेले.

पुढच्या अंकात मागच्या पानभर जाहिरात होती. बाबांनी ती दारात उभं राहून मोठ्यानं वाचली. "'लेखिका स्वतः भिलाईच्या रस्त्यांवर मोटार चालवतात. स्टिअरिंग धरलेल्या हातानं लिहिलेली अस्सल कादंबरी!'" बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "रत्ना, तू मोटार चालवतं?"

"नाही, बाबा."

"मंग हे काय छापून राहिले?"

"त्यांनी विचारलं. मी गप्प बसले. त्यांनी होय धरलं."

बाबा प्लँटमध्ये फिटर. माणूस हलक्या आवाजाचा, पण त्यांचा शब्द जाड. "त्यायले लिही. पुस्तक थांबवा म्हण."

"अवो, पोरीचं पयलं पुस्तक हाये!" आई चुलीपासून उठून आली.

"म्हणूनच म्हणतो, गिरजा. पयल्याच पुस्तकावर खोटं?"

ओळ काढायला सांगावी, तर तीच ओळ घेतलेली कव्हरं छापून झाल्याचं त्याच जाहिरातीत होतं. नरहरीबाबूंचा सारा भरवसाही त्या ओळीवर. ओळ गेली तर पुस्तक गेलं, आणि पुस्तक गेलं तर नागपूरचा कोणता प्रकाशक पुन्हा भिलाईच्या मास्तरणीकडे वळून पाहणार होता? मी क्षणभर डोळे मिटले. आणि मला एकदम हलकं वाटलं. वाट एकच होती, आणि सरळ होती.

"बाबा," मी म्हणाले, "बुद्धपौर्णिमेच्या आत मी ती ओळ खरी करते. लायसनसकट. नाही जमलं तर मीच तार करून पुस्तक थांबवीन."

बाबांनी अंक मिटला. "शिकवंल कोन?"

जुनी सवय... मान खाली गेलीच.

"मले माहीत हाये कोन," आई म्हणाली. "मास्तरीनबाई दर रविवारी तलावावर का पाणी पाहाले जाते?"

"शिकवाल?" दुसऱ्या दिवशी मी गॅरेजच्या फाटकाशी विचारलं.

"आत्ता बसा!" चंपतनं हात लांब केला. "ऑफिसची जीप उभीच हाये."

"ती कोणाची?"

"सरकारची."

"मग नको. ती तुम्हाला दिलेली नाही, मलाही नाही."

त्यानं डोकं खाजवलं. "बाई, पंचशील मीबी म्हणतो. पण मी सकाळी म्हणतो. तुमी तर दिवसभर म्हणून राहिल्या!"

मग उरली ती एकच, तेल गळणारी. लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेली डिस्पोजलची जीप. चंपत आणि ओमप्रकाशनं भागीत घेतलेली. तिला छप्पर नव्हतं, दारं नव्हती, एक हेडलाइट कायमचा झोपलेला.

"ब्रह्मदेशात लढून आली हे," चंपत सांगू लागला. "सीटखाली गोळीचं भोक हाये."

"दाखवा."

तो जरा घुटमळला. "...गंजाचं हाये."

"तुमच्या बोलण्यातलं अर्धं खोटं असतं."

"अर्धंच? मले वाटे जास्त असंल."

मी बसायला उजव्या बाजूला गेले, तर स्टिअरिंग तिथं नव्हतंच. ते डावीकडे होतं.

"अमेरिकेची हाये ना," तो म्हणाला. "चालवणारा डाव्या अंगाले बसते. आन् आपला रस्ताबी डावीकडून. समोर मोठी गाडी असली की तुमाले पुढचं काही दिसत नाही. दिसते ते उजव्या बाजूच्या माणसाले. तो म्हणीन 'काढा', तं काढायची. तो म्हणीन 'थांबा', तं थांबायची."

"आणि तो खोटं बोलला तर?"

पहिल्यांदाच मी त्याला न हसता पाहिलं. "तिथं बसून कोनी खोटं नाही बोलत, बाई. तिथं जीव असते."

सेक्टर दहाचे ते कच्चे, रुंद रस्ते म्हणजे माझी शाळा झाली. मी डावीकडे, चंपत उजवीकडे आणि मागच्या फळीवर राखणीला आई, मांडीवर निवडायच्या भाजीची पिशवी घेऊन. पहिल्या आठवड्यात मी जीप चालवली कमी आणि बंद जास्त पाडली. घरं बांधणारे मजूर पराती खाली ठेवून टाळ्या वाजवायचे.

"पोरी, हळू वं! माह्या पोटातलं पाणी हाललं!" मागून आई.

"आई, गाडी अजून सुरूच झाली नाही."

"म्हणूनच म्हणून राहिली! सुरू झाल्यावर काय होईन, बाप्पा?"

ओमप्रकाश एकदा बाजूनं चालत चालत म्हणाला, "दीदी, क्लच ऐसे छोड़िए जैसे सोते बच्चे के सिर के नीचे से हाथ निकालते हैं।" ते मला कळलं. पायाला कळलं. जीप हलकेच पुढं सरकली, आणि मी चक्क रस्त्यावर धावत होते! वारा पदरात शिरला, विटांचे ढीग मागे पळू लागले, आणि चंद्राच्या तोंडी मी जे लिहिलं होतं ते... खरं होतं. बरंचसं तरी.

"पाहा ना तिकडं," मी एकदा म्हणाले.

"पाहूनच राहिलो."

"रस्ता समोर आहे, चंपतजी."

"मले वाटलं, सारं इकडंच हाये."

कानाची पाळ तापली. पण मी स्टिअरिंग सोडलं नाही, आणि जीप सरळ रेषेत राहिली.

हा माणूस दिवसभर थापा मारायचा. रशियन साहेबानं मॉस्कोला बोलावलंय म्हणे, पोबेदा एकदा दुर्गपर्यंत आपोआप चालत गेली म्हणे. पण उजवीकडे बसला आणि समोर बस आली, ट्रक आला, बैलगाडी आली की त्याच्या तोंडून दोनच शब्द निघायचे. "थांबा." आणि "मोकळं." आवाज निराळा व्हायचा, डोळे निराळे व्हायचे. त्या जागेवरून तो माझ्याशी एकदाही, गमतीतसुद्धा, खोटं बोलला नाही. मी रोज सकाळी डोळे मिटून पंचशील म्हणायला बसे... आणि खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी आले की मला, का कोण जाणे, त्याचं ते "थांबा" ऐकू यायचं.

चैत्रात एका दुपारी आभाळ एकाएकी काळवंडलं आणि टपोऱ्या थेंबांत गारा मिसळल्या. उघडी जीप! आईनं शांतपणे पिशवीतून छत्री काढली आणि स्वतःच्या डोक्यावर धरली. मी जीप गल्लीत वळवायला गेले, आणि मागची चाकं चिखलात रुतली ती रुतलीच.

चंपत उतरून मागून ढकलू लागला. मी गिअर टाकला. चाकं फिरली आणि तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखला. मला इतकं हसू आलं की मीही उतरले, विटांचे तुकडे वेचून चाकांखाली घातले, पुन्हा चढले, आणि ओमप्रकाशचं झोपलेलं बाळ आठवत पाय अलगद उचलला. जीप डुलत, फुरफुरत वर आली.

"आली वं माय!" छत्रीखालून आई.

चंपत धावत माझ्या बाजूला आला. पापण्यांवरून पाणी गळत होतं, दातांना तेवढा चिखल नव्हता. माझ्या चिंब बाहीवर एक गार विरघळत होती; तो तिच्याकडेच पाहत राहिला. मग हळूच, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात...

"रत्नमालाबाई, एक विचारू? मी तुमाले... आवडतो का?"

पाऊस पडत होता. मी मान खाली घातली.

"गप्प म्हणजे होय समजू?"

"नाही!" मी झटकन वर पाहिलं. "गप्प म्हणजे गप्प. माझ्या एका गप्प बसण्यानं केवढा घोळ झालाय, पाहता ना?"

"मंग नाही समजू?"

"तेही नका समजू. उत्तर देईन मी. लायसन झाल्यावर, तोंडानं."

"तवाच कावून?"

"कारण आत्ता काही बोलले, तर तुम्ही माझ्या चुका आवडीनं पास करून टाकाल. मला हातानं पास व्हायचंय."

मग त्यानं ओल्या हातानं कपाळावरचा चिखल पुसला, म्हणजे आणखी पसरवला. "बरं," तो म्हणाला. "मी पळणारा नोहे."

परीक्षेचा दिवस आला तेव्हा बुद्धपौर्णिमा अगदी तोंडावर होती. ऊन मी म्हणत होतं. दुर्गच्या लायसन ऑफिसातले साहेब प्रौढ, गोल चेहऱ्याचे, घाईत होते. कुम्हारीला भाच्याचं लग्न होतं आणि बस निघून गेली होती. माझा अर्ज पाहून ते सौम्यपणे हसले.

"टीचर हैं आप? अरे, बैठिए। लाइए, दस्तखत कर देता हूँ। आपको कौन सा ट्रक चलाना है!"

चंपतचा चेहरा उजळला. त्यानं मला डोळ्यांनी खुणावलं, घ्या!

किती सोपं होतं. एक सही, आणि जाहिरातीतली ओळ कागदावर खरी. पण मी कागदावर खरं करायला आले नव्हते.

"नहीं साहब," मी म्हणाले. "पहले बैठकर देखिए। फिर दस्तखत।"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बाहेर उभ्या जीपकडे पाहिलं. "तो ऐसा कीजिए, मुझे कुम्हारी तक छोड़ दीजिए। वही टेस्ट।"

साहेब पुढं उजवीकडे बसले. त्यांच्या मागे चंपत, माझ्या मागे आई. दुर्ग सुटलं, भिलाईची धुराडी आली आणि मागे पडली. मी गिअर बदलत होते, ब्रेक लावत होते, शेरडांच्या कळपासाठी थांबत होते. साहेब मान डोलवत होते. सगळं छान चाललं होतं...

आणि पुढं एक ट्रेलर आला. प्लँटचं कसलंसं अवजड यंत्र पाठीवर घेऊन, मुंगीच्या पावलांनी. माझ्यापुढं लोखंडाची भिंतच. धुळीनं डोळे भरले. मिनिटं चालली.

"निकालिए, निकालिए!" साहेब वैतागले. "रास्ता खाली है।"

मी हात गिअरवर ठेवला. उजव्या बाजूचा माणूस 'काढा' म्हणत होता. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, उजव्या बाजूचा माणूस रस्त्याकडे नाही, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतोय.

त्यांचं ऐकलं नाही तर नापास करतील? करतील. मग पुस्तक नाही. चंद्रा नाही.

"बहनजी, मैं कह रहा हूँ, निकालिए!"

मी मागे न वळता हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या नावानं. "चंपत?"

तो लोखंडी दांड्याला धरून उभा राहिलेलाच होता. "थांबा!"

मी थांबले. ट्रेलरच्या आडून एक भरलेला ट्रक गर्जत आला आणि आमच्या उजव्या कुशीला घासून गेल्यासारखा गेला. त्या वाऱ्यानं साहेबांची टोपी उडाली आणि मागे आईच्या भाजीच्या पिशवीत पडली.

साहेबांनी घड्याळ बाहीत सारलं.

"आता काढा," मागून आवाज आला, तोच निराळा आवाज. "मोकळं हाये."

समोर काही दिसत नव्हतं. मी जीप बाहेर काढली. ट्रेलर एकेक चाकानं मागे सरकत गेला, आणि पुढं उन्हात पांढरा, लांबलचक, मोकळा रस्ता होता.

कुम्हारीला साहेब उतरले. आईनं टोपी झटकून परत दिली; तिला मेथीचं पान चिकटलं होतं. त्यांनी ते काढलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मैंने कहा, तब आपने नहीं निकाली। उसने कहा, तो बिना देखे निकाल दी। कौन है वह आपका?"

पूर्वीची मी असते तर मान खाली गेली असती.

"अब तक तो सिखाने वाले हैं, साहब।"

"अब तक!" साहेब मोठ्यानं हसले. तापलेल्या बोनेटवर कागद ठेवून, बोटं भाजत भाजत, त्यांनी झोकात सही केली. मग वऱ्हाडाच्या बँडबाज्याकडे लगबगीनं निघून गेले.

तार करायची गरज उरली नाही. बुद्धपौर्णिमेला 'चंद्राची मोटार' निघालं, मागच्या कव्हरावरच्या त्या ओळीसकट. बाबांनी ती ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. पण ते नंतरचं. त्या दुपारी मी जीप फिरवली आणि चंपत पुढं येऊन उजवीकडे बसला. सदा बडबडणारा तो माणूस मांडीवर हात ठेवून अगदी शहाण्यासारखा बसला होता. बाजार मागे पडत होता. त्यानं एकदा घसा साफ केला.

"पुस्तकाचं तं झालं," तो म्हणाला. "माहं?"

मी सांगितलं. माझ्या नेहमीच्या आवाजात, रस्त्यावरची नजर न काढता.

"काय?" त्यानं कान पुढं केला. डिस्पोजलचं इंजिन खडखडत होतं.

मी पुन्हा सांगितलं.

"आयकू नाही येऊन राहिलं!"

मी वर्गात कधी आवाज चढवला नव्हता. घरात नाही, विहारात नाही, कुठंच नाही. मी छातीभर वारा घेतला.

"होय!" मी ओरडले. "आवडता! लग्न करीन तर तुमच्याशीच करीन!"

रस्त्याकडेला पानाच्या ठेल्यावर दोन माणसं वळून पाहायला लागली. एक सायकलवाला सायकलवरून उतरला.

"आयकू आलं बाप्पा, आयकू आलं!" मागून आई. "साऱ्या कुम्हारीले आयकू आलं! आता घरी चाल, आन् तुह्या बाबाले असंच सांग. त्यायले डाव्या कानानं कमी आयकू येते."

चंपत हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता, आणि धुळीचं निमित्तही सांगत नव्हता. "मले आणखी एकदा आयकायचं हाये," तो म्हणाला.

"मी एकदा बोलले की ते तसंच असतं," मी म्हणाले, आणि तिसरा गिअर टाकला.